कागदाला कान नसतात

जयनगर, बेंगळूर
२० जानेवारी २०२५, सोमवार

लोकर चाकात अडकली म्हणून धनुष्य फुटलं, असं तू क्लबच्या गिरीराज सरांना सांगितलंस. वर हेही, की आमच्या आईला शिवण सोडून काही कळत नाही, तिनं घरात बसून नसता उद्योग केला. काल सर येऊन गेले. चहा घेतला नाही. आपल्या घरी येऊन चहा न घेणारा माणूस एक तर उपवासाचा असतो नाही तर तक्रारीचा, आणि काल रविवार होता.

आता मायना. चि. रविकिरण, अनेक आशीर्वाद. सवयीनं लिहिलेत, त्यावर जाऊ नकोस.

तू माझा नंबर ब्लॉक केलायस. मला वाटलं तुझा फोन बिघडला. तुझ्या लेकीनं, स्मृतीनं, मान खाली घालून समजावून सांगितलं. अमेरिकेत होतास तेव्हा दर रविवारी बोलायचास, आता इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून आईला बंद करतोस. म्हणून पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. आणि मराठी वाचता येत नाही ही सबब चालणार नाही. निपाणीत चौथी शिकलेल्या बाईनं तुला टेलरच्या खडूनं अस्तराच्या कापडावर अक्षरं गिरवून शिकवलंय. तेव्हा ळ उलटा काढायचास.

पहिल्यापासून सांगते, कारण तू सरांना मधूनच सांगितलंस.

परदेशातून येताना लोक चॉकलेटं आणतात. तू हरणं मारायचं धनुष्य आणलंस. दोन टोकांना दोन चाकं, त्यांवरून इकडून तिकडे दोऱ्या. मी म्हटलं हे धनुष्य आहे की शिवणयंत्र. इथं हरीण मारलंस तर तुरुंगात जाशील, म्हणून ते कागद मारायला पोरीच्या हातात दिलंस. पोरगी कॉलेज जवळ पडतं म्हणून माझ्याकडे, म्हणजे धनुष्यही माझ्याकडे. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत बरोब्बर साठ फूट, मी स्वतः टेप धरली. भिंतीशी चिंध्यांची पोती रचून दिली. तुझ्या अप्पांच्या दुकानातली तीस वर्षांची कातरण त्या पोत्यांत आहे. विठोजी टेलर्सची पाटी उतरल्यावर तिचा एवढा उपयोग पहिल्यांदाच झाला.

पण आवाज! बाण सुटला की ठाण्ण. शेजारच्या अनुसूयम्मा कंपाउंडवरून डोकं काढून विचारायच्या, "एन्री, दीपावळी मुगिदिल्वा?" दिवाळी संपली नाही का म्हणून. त्यांच्या यजमानांच्या छातीत मशीन बसवलंय. मी सरी सरी, बरं बरं म्हणून वेळ मारून न्यायची.

तिसऱ्या दिवशी मी पायरीवर अवरेकाई, वालाच्या शेंगा, सोलत बसले होते. सहज पोरीच्या तोंडाकडे बघितलं. ती डोळे मिटत होती. बाण सुटल्यावर नाही रे, आधी. आवाज येणार हे ठाऊक असायचं, म्हणून बोट हलायच्या आधीच डोळे बंद. मग बाण कधी पोत्यात, कधी भिंतीवर. तू फोनवर विचारायचास, "आज किती आला?" वेग विचारायचास. त्या वेग मोजायच्या डबीवर सेकंदाला दोनशे चाळीस फूट यायचे. बाण कुठं लागला हे तू एकदाही विचारलं नाहीस.

मग मी उद्योग केला. नसता म्हण की असता. तुझा जुना हिरवा मफलर उसवला, लोकरीचे दोन-दोन इंचाचे तुकडे केले आणि काजाच्या दोऱ्याला आपण लावतो ते मेण लावून त्या दोऱ्यानं दोरीवर दोन गोंडे बांधले. आधी मधोमध बांधले. आवाज मेला, पण बाणही मेला. मग बोट-बोट चाकाकडे सरकवत गेले. पोरगी बाण सोडायची, मी ऐकायची. वरच्या चाकापासून दोरीच्या चौथ्या हिश्शाला एक, खालून चौथ्या हिश्शाला दुसरा. तिथं ठाण्णचं ठप झालं. बाणाच्या टोकाला जड पितळी बोंड लावायला लावलं. बाण तेवीस ग्रॅमचा झाला, आणखी शांत झाला. वेग दोनशे सव्वीसवर आला. साठ फुटांवर बाण दोन बोटं खाली लागायला लागला, तर नेमाची सुई तेवढी खाली घेतली. झालं. हे मला कुणी शिकवलं नाही. दोरा, मेण आणि कान, एवढ्यावर मी पन्नास वर्षं पोट भरलंय.

अकराव्या दिवशी पोरीचे डोळे उघडे राहिले. दहा बाण आमटीच्या वाटीत मावतील एवढ्या जागेत.

मग डिसेंबरात तू आलास, डबी लावलीस, आणि चौदा आकडे कमी झाले म्हणून तुझं तोंड बघण्यासारखं झालं. काय म्हणालास आठवतं? "शिकारीत शांत धनुष्य लागतं, आई. जनावर आवाज ऐकतं आणि बाण पोचायच्या आत सरकतं. कागदाला कान नसतात. कागदाला वेग लागतो." माझ्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून गप्प बसले. त्याचं उत्तर मी देईन, पण आज नाही.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी पोरीला धनुष्यासकट घेऊन गेलास. एळ्ळु-बेल्ल, इथला तिळगूळ, घेऊन यायची ती पट्ट्या बांधून आली. डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात सात टाके, भुवईवर तीन. बोटभर खाली असती तर डोळा.

आता सर काय म्हणाले ते नीट वाच. राज्याची निवड तेवीस फेब्रुवारीला आहे. नावांची यादी ते पंधराला पाठवणार. तोवर हात बरा होतो, डॉक्टर हो म्हणालेत. क्लबचं धनुष्य द्यायलाही सर तयार आहेत. पण, "ज्यानं त्या धनुष्यावर शेवटचं काम केलं त्यानं माझ्यासमोर येऊन काय केलं ते सांगावं. तोवर या मुलीला मी मैदानावर उभी करणार नाही. उद्या दुसरं धनुष्य फुटलं तर शेजारच्या पोराचा डोळा जाईल."

मी म्हटलं, लोकर मी बांधली. त्यांनी लिहून घेतलं. विचारलं, आणखी? मी म्हटलं, आणखी मला माहीत नाही, पोरीला विचारा. पोरगी दाराआड उभी. म्हणते, आठवत नाही. सतरा वर्षांच्या पोरीला आठ दिवसांपूर्वीचं आठवत नाही!

तुला आठवत असेल. उत्तर पाठव.

आई


जयनगर
२९ जानेवारी, बुधवार

पत्र तुला लिहिलं, उत्तर प्रणितानं दिलं. तेही फोनवर. तू शेजारीच होतास, मागं तुझा खोकला ऐकू येत होता. धूळ सोसत नाही तुला लहानपणापासून, त्या खोकल्याला मी ओळखणार नाही?

प्रणिता म्हणाली, "आई, रवी खूप स्ट्रेसमध्ये आहे. तो म्हणतोय झालं ते झालं, आपण मूव्ह ऑन करूया."

मी विचारलं, "म्हणजे कुठं जायचं?"

"तसं नाही हो. यंदा निवड राहू दे, पुढच्या वर्षी बघू. बारावीपण आहे."

"हे पोरीला सांगितलंस?"

"तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकते ती."

बघ, किती सोयीचं. फोडायचं तुम्ही, गोळा करायचं मी. सून म्हणून तिच्यावर मी रागावत नाही. नवऱ्याचं ओझं उचलायला लावलं की बायको अशीच बोलते, मीही बोललेय.

फोन ठेवला आणि फुटकं धनुष्य चादरीत गुंडाळून बाहेर पडले. मेट्रोच्या दारात त्या पोलिसणीनं चादर उघडायला लावली, धनुष्य बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "अज्जी, कुठं युद्धाला?" आत सोडलं नाही. मग बस. बायकांना तिकीट नाही, तर कंडक्टर धनुष्याचं तिकीट मागायला लागला. मी म्हटलं, हे पण बाईचंच आहे. सगळी बस हसली. तिकीट राहिलं.

यशवंतपूरला नागोजीकडे गेले. आपल्या दुकानातल्या मशिनी दुरुस्त करायचा तो नागोजी, तुला खांद्यावर बसवून जत्रेला न्यायचा. आता लेथ आहे त्याची, क्लबांची धनुष्यं पण दुरुस्तीला येतात. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून बोटांनी बघतो. त्यानं चादर सोडली, एक एक जागा चाचपली आणि विचारलं, "अक्का, ही नेलपॉलिश कुणी लावली?"

मी म्हटलं, स्मृतीनं. वाकणाऱ्या पात्याच्या बोल्टवर एक ठिपका आणि शेजारी धनुष्यावर एक ठिपका. दोन्ही समोरासमोर असले म्हणजे ओढ ठरवल्याप्रमाणे आहे. गुलाबी.

"मग ठिपके एकमेकांकडे बघत का नाहीत?" नागोजी म्हणाला. "हा बोल्ट अडीच फेरे आत आहे. खालचाही. आपोआप बोल्ट सैल होतो अक्का, आवळला जात नाही. कुणीतरी ओढ वाढवलीय. दहा पौंड तरी."

मग बाण मागितला. पोरीच्या नळीत राहिलेले मी नेले होते. त्यानं काट्यावर ठेवला. चौदा ग्रॅम. मी म्हटलं हे आमचे नव्हेत, आमचे तेवीसचे. तो हसला नाही. म्हणाला, "एवढ्या ओढीला सतराच्या खाली जायचंच नाही. बाणानं ओढ खायची असते. बाण हलका असला की तो खात नाही, पळून जातो. मग उरलेली ओढ कोण खाणार? धनुष्यच खातं. तुम्हाला सांगायला पाहिजे का? कापड न घालता मशीन पळवलं तर काय होतं?"

कापड पुढं सरकवणारे दात घासून झिजतात. शिवणाऱ्या बाईला एवढं वाक्य पुरलं.

वरचं पातं उभं चिरलंय, ते त्यानं माझं बोट धरून दाखवलं. मग चाक दाखवलं. चाकात लोकरीचा एक तंतू नाही, रविकिरण. एक नाही. मी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, सुईनं खाचा कोरून बघितल्या.

"मग गोंडे कुठं गेले?" मी विचारलं.

नागोजी म्हणाला, "ते मला काय माहीत अक्का. माझ्याकडे आलं तेव्हा दोरी नागडी होती."

परत येताना तुला कळावं म्हणून काय लिहायचं ते मनात लावत आले, आणि जयनगरचा स्टॉप चुकून पुढं गेले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. तेही तुझ्याच खाती.

आता तुझ्याकडून ऐकायचंय. बोल्ट कुणी आवळले? चौदाचे बाण कुणी आणले? आणि माझी लोकर कुठाय?

आई


जयनगर
६ फेब्रुवारी, गुरुवार

लोकर सापडली.

स्मृतीच्या कंपासपेटीत. मी पोरीच्या वस्तूंना हात लावत नाही, पण डॉक्टरला हात दाखवायला जायचं होतं, फाईल शोधत होते. पेटीत कोनमापकाखाली दोन्ही गोंडे, टिश्यूत गुंडाळलेले. उजेडात नेऊन बघितले.

तुटलेल्या लोकरीला शेपूट असतं, कापलेलीला नसतं. मेणदोरा एका ठिकाणी सरळ कापलाय, ब्लेडनं, गाठीच्या मागून, जिथं कापायला सोपं जातं. माझी गाठ अजून तशीच्या तशी आहे. तेलाचा डाग नाही. हे गोंडे चाकात अडकले नाहीत, अडकणं शक्य नव्हतं, कारण धनुष्य फुटलं तेव्हा ते दोरीवर नव्हतेच. तू ते आधीच कापून काढलेस. आणि मग त्यांच्याच नावावर खापर फोडलंस.

पोरीला समोर बसवलं.

"हे कुणी कापले?"

"पडले असतील."

"पडणाऱ्या वस्तूला ब्लेड लागत नाही."

"अज्जी, प्लीज."

"प्लीज नको, नाव सांग."

मग बोलली. शनिवारी संध्याकाळी तू ते कापून केराच्या डब्यात टाकलेस, तिनं मागाहून उचलले. का उचलले विचारलं तर म्हणाली, "तू बांधले होतेस म्हणून." रविवारी मागच्या मोकळ्या प्लॉटवर पहिल्या बाणाला डबीवर दोनशे चौऱ्याहत्तर आले, तू टाळी वाजवलीस. दुसऱ्या बाणाला फुटलं. तिसऱ्याची वेळ आली नाही.

"मग सरांना का सांगत नाहीस?"

"पप्पा हॉस्पिटलमध्ये रडले गं. जिन्यात बसून. मला बघितलं तर तोंड धुऊन आले. तू पण सांगू नकोस सरांना. सांगितलंस तर मी क्लबमध्येच जाणार नाही."

तू रडलास हे ऐकून मला बरं वाटेल असं तिला वाटलं असेल. मला दुप्पट राग आला. रडता येतं आणि सांगता येत नाही? रडणं स्वतःसाठी असतं. सांगणं दुसऱ्यासाठी असतं, म्हणून जड जातं.

गोंडे आणि नागोजीचं म्हणणं घेऊन मी उद्या सरांकडे जाऊ शकते. जाणार नाही. पोरीला शब्द दिलाय. आणि मी सांगितलं तर ती चुगली होईल. तू सांगितलंस तरच ते सांगणं.

आता माझं. हे पहिल्या पत्रात लिहिलं नाही, दुसऱ्यातही नाही. लपवलं.

दहा जानेवारीला, शुक्रवारी, तुझा फोन आला. उद्या पोरीला न्यायला येतो म्हणालास. स्मृती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अज्जी, पप्पांना सांग ना, धनुष्य हळूच असू दे. मी सांगितलं तर ऐकत नाहीत." मी तुला तेच सांगितलं, शब्दाला शब्द. पोरगी म्हणते धनुष्य हळूच असू दे.

तू म्हणालास, "हळू? हळू बाणानं आजवर कोण जिंकलंय, आई? तूच तिला भित्री करून ठेवलीस. बघ आता मी कसं पळवतो."

भित्री म्हटल्याचा मला राग आला. फोन आपटला.

पोरीचं हळू म्हणजे हळू आवाजाचं. हळू बोल, पाळण्यात मूल झोपलंय, असं म्हणतो ना, त्यातलं हळू. तुला ऐकू आलं हळू चाल मधलं. आपल्या लोकांनी दोन्हींना एकच शब्द ठेवलाय, त्याला मी काय करू. पण हे मला फोन आपटल्या आपटल्या कळलं होतं. परत लावून सांगायचं होतं, अरे, वेग नव्हे, आवाज. पोरीला आवाजाची धास्ती आहे. एवढंच. नाही लावला. आधी तू लाव, मग मी बोलीन, असं म्हणून बसले. सकाळी तू गाडी घेऊन आलास तेव्हा पोरगी दिली, धनुष्य दिलं, बाणांची नळी दिली, आणि तुझ्याशी न बोलता दार लावून घेतलं.

त्या सात टाक्यांतले दोन-तीन माझे आहेत. किती ते मला ठरवता येत नाही. पण बाकीचे तुझे.

आणखी एक आहे. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवला.

तुझ्या अप्पांचा लाकडी गज. कापड मोजून झालं की टेबलावर आपटायचे, ठाण्ण. गिऱ्हाईकं हसायची, विठोजीमास्तरांचा ठेका म्हणायची. तू टेबलाखाली बसून अभ्यास करायचास. आणि तो आपटायच्या आधी डोळे मिटायचास. आधी, रविकिरण. गज टेबलावरच पडायचा असंही नाही, ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. मी समोर मशीन चालवत असायची. बघत असायची. त्या गजाला कापडाची एक पट्टी गुंडाळायला दोन मिनिटं लागली असती. कातरण तर पायाशीच पडलेली असायची. मी गुंडाळली नाही. गिऱ्हाईकाचा ब्लाऊज अर्धा होता, उद्या द्यायचा होता, असलंच काहीतरी. रोज काहीतरी असायचं.

म्हणून तर पोरीचे डोळे मला तिसऱ्या दिवशीच दिसले. आधी पाहिलेले होते.

आता टाचण्या तोंडात नाहीत. डिसेंबरातलं उत्तर देते. कागदाला कान नसतील. पोरीला आहेत. तुलाही होते.

आई


जयनगर
११ फेब्रुवारी, मंगळवार

काल कुरियर आलं. माझ्याएवढ्या उंचीचा डबा. वर वेगाचा आकडा छापलेला, तीनशे चाळीस. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव.

मला वाटलं असलं काही आलं की पोरगी नाचेल. तिनं टेप कापली, धनुष्य बाहेर काढून पलंगावर ठेवलं आणि परत डब्यात हात घातला. कोपरे चाचपले. थर्माकोल काढून बघितलं. बुडाचा पुठ्ठा उचलला. मला आधी कळेना काय शोधते. चिठ्ठी शोधत होती रे. इंग्रजी माहितीचं पुस्तक निघालं, तेही पान-पान उलटून बघितलं, मध्ये काही ठेवलंय का म्हणून. मग धनुष्य परत आत ठेवलं, टेप लावली आणि म्हणाली, "अज्जी, अवरेकाई सोलायची राहिलीय का?"

दोघी सोलत बसलो. डाव्या अंगठ्यानं शेंग दाबता येते का ते ती बघत होती. येते.

तुला वाटलं असेल आईचा राग स्वल्प उतरला, डबा पाठवला की सगळं सरी. नाही उतरला. डबा मशीनखाली सरकवून ठेवलाय. नेताना तूच ने, मला वाकवत नाही. तुला दुसऱ्यांचं काही ऐकू येत नाही, हे आता मी तुझ्या अप्पांवर ढकलणार नाही. ते जाऊन नऊ वर्षं झाली. मेलेल्या माणसाच्या गजामागे किती दिवस लपणार?

शनिवारी पंधरा तारीख. सर सकाळी सातला मैदानावर येतात. तू साडेसहाला तिथं असायचंस. कुणी विचारायच्या आत सांगायचं. बोल्ट मी आवळले. चौदा ग्रॅमचे बाण मी आणले. गोंडे मी कापले, आणि आईचं नाव खोटं घेतलं. वाढवू नकोस, अमेरिकेत काय करतात ते सांगू नकोस, रडूही नकोस. सर रागावतील. रागावू देत. त्यांचा राग तुला, यादी पोरीला. नाही गेलास तर सर कागद मिटतील, त्यात तिचं नाव नसेल, आणि ती मला म्हणेल, असू दे अज्जी, पुढच्या वर्षी. तिला असं म्हणायची सवय लागलेली मला बघायची नाही. एका पोराला लागलेली बघितलीय.

मैदानावरून सरळ इकडे यायचं. फाटकाला कडी नसेल. मला काही सांगायला थांबू नकोस, मला सगळं माहीत आहे. सांगायचं ते मी लिहून टाकलंय, तूही माझ्याकडून आणखी काही ऐकायची वाट बघू नकोस. पोरगी साठ फुटांच्या त्या टोकाला असेल, पोत्यांशी. हिरवे गोंडे पुन्हा करून तिच्या हातात दिलेत, क्लबचं धनुष्य मिळेल त्याला बांधायला. बांधू दे तिला, बोट घालू नकोस.

या पत्राचं उत्तर प्रणितानं द्यायचं नाही. कुरियरनं द्यायचं नाही. मला द्यायचं नाही. तू जाऊन तिच्यासमोर उभं राहायचं, आणि उत्तर तिला द्यायचं, तुझ्या तोंडानं. आणि हळू.